रिवणजवळची सोडून दिलेली मॅंगनीजची खाण

गोव्यात खाण म्हटलं की डोळ्यासमोर येतात लाल धुळीचे ट्रक, मांडवीतले बार्ज आणि डोंगराएवढे डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग. पण सांगे आणि केपे तालुक्यात, रानात शिरलात तर, हाताने खणलेल्या छोट्या छोट्या मॅंगनीजच्या खाणी अजून तशाच पडून आहेत. त्यातली एक बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती, ती या हिवाळ्यात पूर्ण झाली.

मडगावहून केपे, तिळामळ, मग जांबावलीला दामोदराचं दर्शन घेऊन रिवण. रस्ता सुंदर आहे, दोन्ही बाजूंनी कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, मध्येच एखादा जुना डंप आणि त्यावर वाढलेली अकेशियाची झाडं. रिवणचे एक ओळखीचे काका सोबत होते, त्यांच्याशिवाय ती वाट मिळालीच नसती कारण वाट अशी राहिलेलीच नाहीये, सगळं काटेरी रान. वाटेत एके ठिकाणी त्यांनी झुडपं बाजूला करून हद्दीचा एक जुना खांब दाखवला, त्यावर काय कोरलं होतं ते शेवाळामुळे वाचता आलं नाही.

खाण म्हणजे टेकडीच्या उतारावर पाडलेला एक खड्डा. एका बाजूने उतरता येतं, बाकी तीन बाजू उभ्या कापलेल्या, तळाला पावसाचं पाणी साचलेलं. पाण्याकडे जायचं नाही असं काकांनी आधीच बजावलं होतं, जांभ्याच्या कडा कधी सुटतील सांगता येत नाही. आम्ही उतारावरच बसलो आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, आणि खरं सांगतो, भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र कोणीतरी कापून उभं केलंय असं वाटलं.

सगळ्यात वर जांभ्याची टोपी, गडद लाल, भोकाभोकांची, कडक. त्याखाली पिवळी-तांबडी माती आणि त्या मातीत काळे गोळे, काही सुपारीएवढे, काही नारळाहून मोठे. आणि त्याच्याखाली मऊ, गुलाबी-जांभळट दगड, नखाने ओरखडा उठतो असा, त्याचे पापुद्रे निघतात. हा फिलाइट. गोव्यातल्या खनिजाचे मूळ दगड ज्या थरांत आहेत ते धारवाड काळातले, अडीचशे कोटी वर्षांहून जुने, समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ नंतर दाबला गेला, तापला, वळला. त्यातल्या ज्या थरांना डिचोली फॉर्मेशन म्हणतात त्यात लोहयुक्त पट्ट्यांचा क्वार्टझाइट म्हणजे गारेचा कडक दगड आहे, चुनखडी आहे, आणि मॅंगनीज असलेला चर्ट (गारगोटीसारखा बारीक कणांचा दगड) आणि गुलाबी फिलाइटही आहे.

पण त्या मूळ दगडात मॅंगनीज थोडं थोडं विखुरलेलं असतं, तेवढ्यासाठी कोणी खणत बसलं नसतं. ते गोळा केलं पावसाने. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते पाणी पालापाचोळ्यातून जाताना किंचित आम्ल होतं आणि दगडात मुरतं, लोखंडापेक्षा मॅंगनीज अशा पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे लोखंड वरच अडकून जांभा होतो आणि मॅंगनीज पाण्याबरोबर खाली सरकतं, मग जिथे हवा लागते, एखादी फट मिळते किंवा पाण्याचा आम्लपणा कमी होतो तिथे ते परत बसतं, थरावर थर, असं लाखो वर्षं. म्हणून लाल वर आणि काळं खाली. एक काळा गोळा फुटलेला होता, त्यात आत कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. दोन प्रकारचे तुकडे मिळाले, एक कडक आणि निळसर काळा, तो सिलोमेलेन, आणि दुसरा मऊ, हातात धरला की बोटं काजळी लागल्यासारखी काळी, तो पायरोलुसाइट म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते त्यात मुख्य हेच.

उत्तरेला डिचोली-सत्तरीकडे लोखंड चांगल्या प्रतीचं, आणि इकडे दक्षिणेला मॅंगनीज जास्त, म्हणून इथल्या खाणी छोट्या आणि विखुरलेल्या राहिल्या, कारण गोळे मिळतात तिथवर खणायचं आणि संपले की पुढे जायचं.

इतिहासही त्यातच आहे. पोर्तुगीजांच्या १९०६ च्या खाण कायद्याप्रमाणे ज्याला खनिज सापडलं त्याने नोंद करायची आणि मग कायमची कन्सेशन म्हणजे खणायचा हक्क मिळवायचा, त्या कन्सेशनच्या दाखल्यांना टी.सी. नंबर असायचे आणि आजही कोर्टाच्या कागदांत तेच नंबर दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर खरी धावपळ झाली. पोलाद बनवताना मॅंगनीज लागतंच, ते ऑक्सिजन आणि गंधक ओढून घेतं, आणि बारा टक्क्यांच्या आसपास मॅंगनीज घातलं तर रेल्वेच्या क्रॉसिंगला लागतं तसलं न झिजणारं पोलाद होतं. १९४९ च्या सुमारास रशियाने अमेरिकेला मॅंगनीज देणं आवरतं घेतलं, मग १९५० ते ५३ कोरियाचं युद्ध, भाव चढले. काकांची आई तेव्हा या भागातल्या खाणींवर कामाला जायची. पुरुष पहारीने गोळे सुटे करायचे, बायका डोक्यावरून टोपल्या वर आणायच्या आणि सावलीत बसून काळा दगड आणि माती हाताने वेगळी करायच्या. कुठे मशीन नव्हतं, म्हणून तर ही भिंत इतकी नीट राहिलीय, एक्स्कॅव्हेटरने ओरबाडलेल्या खाणीत असे थर बघायला मिळत नाहीत.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९८७ च्या कायद्याने सगळ्या कन्सेशन १९६१ पासून मागे जाऊन लीज, म्हणजे ठराविक मुदतीचे पट्टे ठरल्या. मग २०१२ ची खाणबंदी, २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला त्याच कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. गोव्यात खाणीवर बोलायचं म्हणजे हेच, बंद की चालू, आणि तो वाद महत्त्वाचा आहेच, लोकांची शेतं गाळाने भरली आणि रोजगारही गेले. पण त्या सगळ्यात टोपल्या वाहणाऱ्या बायकांबद्दल कोणी बोलत नाही आणि दगडाबद्दलही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथून उसगाळीमळ जवळच आहे. तिथे कुशावती नदीच्या काठावर बैलाची, हरणांची जी प्राचीन कातळचित्रं आहेत, ती जांभ्याच्या कातळावरच कोरलीयत, ज्याची टोपी आम्ही खाणीत वरच्या बाजूला बघितली होती. दोन्ही एकाच दिवशी बघा, आधी खाण. डिसेंबरनंतर जा, गवत सुकलेलं असतं आणि थर स्वच्छ दिसतात, गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि विचारून जा.

जुने खड्डे रिजेक्शनने (खाणीतल्या टाकाऊ मातीने) बुजवायची चर्चा अधूनमधून होते. धोकादायक असतील ते बुजवावेत, त्याला ना नाही. पण अशी एक तरी भिंत ठेवा, तिला कुंपण घाला आणि शेजारी मराठी-कोकणीत एक बोर्ड लावा, कोणता थर कोणता आणि इथे काम कोणी केलं एवढं त्यावर लिहा. रिवण आणि केप्याच्या शाळांतली मुलं अर्ध्या तासात येऊ शकतात.