सरकारचं कर्ज आणि भोसरीतलं मशीन

सरकारने बाजारातून जास्त कर्ज उचललं की व्याज चढतं आणि खाजगी धंद्यांना पैसा उरत नाही, हे क्राउडिंग आऊट प्रकरण परत चर्चेत आलंय. माझ्या मते ते खरंय, पण कायम नाही.

आपल्याकडे ते बघायचं तर १९९० च्या आसपासच्या बँका बघा. एसएलआर (ठेवींतला जो हिस्सा बँकेने मुख्यतः सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला कर्ज म्हणून, ठेवायचाच) ३८.५ टक्के, वर सीआरआर (जो रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचाच) १५ टक्के, म्हणजे तुमच्या १०० रुपयांच्या डिपॉझिटमधले ५० हून जास्त आधीच सरकारी रोख्यांत नाहीतर रिझर्व्ह बँकेकडे, मग उरलेल्यात शेती, कारखानदार, व्यापारी सगळ्यांनी भागवायचं. व्याज परवडतंय का हा प्रश्न नंतरचा, आधी लोन मंजूर तर व्हायला हवं! १९९१ मध्ये बँक सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीने यावरच बोट ठेवलं, आज एसएलआर १८ टक्के आहे.

आता उलटं बघा. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली, कर्ज प्रचंड, तरी रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ४ टक्केच होता, कारण लोन मागायला कोणी येतच नव्हतं आणि रिझर्व्ह बँकेने पैसा मोकळा सोडला होता. भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारा माझा एक मित्र तेव्हा व्हीएमसीचं (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) कोटेशन घेऊन बसला होता, बँकवाला स्वतः फोन करायचा, मित्र म्हणायचा, "हप्ता भरीन रे, पण मशीनवर लावू काय? ऑर्डर कुठंय?" त्याची गुंतवणूक सरकारने नाही अडवली.

खरी खेचाखेची होते ती ऑर्डरबुकं भरलेली असतात आणि बँका डिपॉझिटसाठी धावत असतात तेव्हा. सरकारी रोख्याचा दर चढला की कंपन्यांच्या बाँडचा पण चढतो, कारण सरकार बुडत नाही, मग दुसऱ्याला त्याहून जास्तच द्यावं लागणार.

आणि पैसा जातो कुठे? २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे असल्या टिकाऊ कामांवरचा) ११.२१ लाख कोटी आणि नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. मला राग या व्याजाचा आहे, कर्जाचा नाही. चाकणचा रस्ता कर्ज काढून धड केला तर माझ्या मित्राचा टेम्पो वेळेत पोचेल आणि तो कदाचित दुसरं मशीनही घेईल, मग करा की खुशाल कर्ज.