पाय गरम होईपर्यंत

ऑक्टोबर, पहाटे साडेपाच

आत्ता वॉर्डातून आलो. ओपीडी सुरू झाली की लिहायचं राहून जाईल, म्हणून अंघोळीआधीच वही उघडली.

काल संध्याकाळी भातकापणीवरून एका नऊ वर्षांच्या मुलाला आणलं. भारा उचलताना पेंढ्यातून विंचू निघाला आणि बोटाला डसला. "मघा लय रडत होता डॉक्टर, आता गप झालाय," आजी म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं. माझ्या मात्र पोटात गोळा आला. सदरा घामानं चिंब, दोन उलट्या झालेल्या आणि तळपाय गार दगडासारखे.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मीही त्या आजीसारखाच निर्धास्त झालो होतो. एक मुलगी रडायची थांबली, म्हणून मी तिला घरी पाठवलं. रात्री परत आणली तेव्हा तोंडाला गुलाबी फेस होता, फुप्फुसांत पाणी भरलं होतं. ती गेली. लाल विंचवाच्या दंशात भयंकर ठणका असेल आणि बाकी काही नसेल, तर माणूस बहुधा वाचतो. ठणका फारसा नाही, पण घाम, उलट्या आणि गार हातपाय आहेत, तर धोका असतो. हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लक्षणांसकट मांडलं होतं. त्या मुलीच्या वेळी ते छापून कितीतरी वर्षं झाली होती. मी वाचलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांचं सगळं मिळवून वाचलं. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मोठी यंत्रं नव्हती. विंचू चावलेला रुग्ण आला की ते त्याच्याजवळ बसून राहायचे, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास सगळं टिपत. विषामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रक्तदाबावरची साधी गोळी, प्राझोसिन, वापरायला घेतली. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखं वाटलं. डॉक्टरची समाजसेवा म्हटलं की लोकांना मोफत शिबिरं आठवतात. शिबिरं मीही घेतो. पण रात्रभर एका खाटेशी बसून जे दिसलं ते खरंखुरं लिहून ठेवणं, हीच मला सर्वांत मोठी सेवा वाटत आली आहे.

मुलाला प्राझोसिन दिलं, ऑक्सिजन लावला, प्रतिविष दिलं. आजीला दोनदा बजावलं, त्याला उचलून मांडीवर घेऊ नका, आडवाच राहू दे. गोळीनंतर एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो. दर तीन तासांनी गोळी, आणि मधल्या वेळात माझा हात त्याच्या तळपायावर.

मुलगा तासाभरात पोचला, याचं श्रेय त्यांच्या वाडीच्या भगताचं. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्या ओटीवर जाऊन बसलो होतो. तुमचे मंत्र थांबवा असं म्हणालो नाही, म्हटलं असतं तर त्यानं ऐकलंही नसतं. एवढंच सांगितलं, की आधी पाय चाचपून बघा, गार असले तर मंत्र रिक्षात म्हणा. तेव्हापासून त्यानं पाठवलेला हा सहावा रुग्ण. तालुक्यातल्या काही डॉक्टरमित्रांना भगताशी बोलणं पटत नाही. मला पटतं. लोक आधी त्याच्याकडे जातात, मग त्याला टाळून मी कुणाला वाचवणार?

रात्री दोनला श्वास जलद झाला, तेव्हा मला ती मुलगी आठवली आणि हात थरथरला. साडेतीनला घाम ओसरला. साडेचारच्या सुमारास टाचा कोमट लागल्या, मग बोटं. पाचला मुलगा कण्हला आणि मोठ्यानं रडू लागला, "आजे, बोट दुखतंय!"

आजी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "रडू दे," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून त्याच्या पायांवर ठेवला.

दाखल सायंकाळी सहा. पाय गरम पहाटे ४.५०. रक्तदाब नऊ वाजता पुन्हा बघायचा.