सव्वासहा किलो रोज पाठीवर : बॅग निवडतानाचा माझा अनुभव

आधीची बॅग गेली ती बंदापाशी. उजवा बंद वरती जिथे पाठीच्या बाजूला शिवलेला असतो ना, तिथले टाके कित्येक दिवस सुटत होते, मला दिसतही होतं पण आज बघू उद्या बघू करत राहिले आणि एके दिवशी बसमधून उतरताना बंद हातातच आला. त्याच्या आधीची गेली होती आतल्या थरापायी. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा जो थर दिलेला असतो तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे निघायला लागतात, वह्या, चार्जर, डबा सगळ्यावर तो कचरा. म्हणून यावेळी ठरवलं की फोटो बघून ऑर्डर करायची नाही, लागेल तेवढा वेळ घ्यायचा. सहा आठवडे लागले.

आधी बॅगा बघितल्याच नाहीत. रोज जे नेते ते सगळं पलंगावर मांडलं आणि एकेक करून वजन केलं. लॅपटॉप आणि चार्जर मिळून २.१ किलो, भरलेली स्टीलची बाटली १.१, डबा ६०० ग्रॅम, छत्री ३५०, बाकी पाऊच डायरी वगैरे ७५०. म्हणजे सामान ४.९ किलो, आणि जुनी बॅग रिकामी १.४ किलो! एकूण सव्वासहाच्या वर. बॅगेचं स्वतःचं वजन कोणी बघत नाही, मीही कधी बघितलं नव्हतं. पण सामान मी कमी करू शकत नाही, बॅग हलकी घेऊ शकते, त्यामुळे पहिली अट हीच, रिकामी बॅग १ किलोच्या आत पाहिजे.

मग लिटर. मला वाटायचं ३० तरी हवेच. बॅगेत २० मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोळे भरून आकारमान मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ२१५३ असं मानक आहे त्याला, पण सगळे बनवणारे तसंच मोजतात असं नाही, त्यामुळे दोन २२ लिटरच्या बॅगांत एकीत माझं सामान बसलं आणि दुसरीत डबा आडवाच होईना. तेव्हापासून मी सगळं सामान कापडी पिशवीत घालून दुकानात न्यायला लागले. "भरून बघू का?" विचारलं की बहुतेक जण "बघा ना मॅडम" म्हणायचे, एकाने नको म्हटलं, तिथून निघाले. माझं सगळं २० ते २२ लिटरमध्ये नीट बसतं. ३० मध्ये उलट सामान तळाशी जाऊन बसतं, बॅग मागे ओढते, आणि रिकामी जागा असली की मी ती भरतेच.

भरून बघितल्यामुळे एक गोष्ट अशी कळली जी मला कुठल्याही फोटोत दिसली नसती. बाजूचा बाटलीचा कप्पा. बॅग रिकामी असताना बाटली मस्त जाते, पण आतला मोठा कप्पा भरला की तो बाहेर फुगतो आणि बाटली घुसतच नाही, किंवा बाटली घातली तर ती आतली जागा खाते. दोन्ही भरलेलं असतानाच बघायचं.

लॅपटॉपचा कप्पा तर मी हात घालूनच तपासायचे. एक हात कप्प्यात तळापर्यंत आणि दुसरा बाहेरून बॅगेच्या बुडाखाली. दोन्ही हातांत फक्त कापडच लागलं तर ती बॅग बाद, कारण बॅग जमिनीवर टेकवली की लॅपटॉपचा कोपरा सरळ फरशीवर. माझ्या जुन्या लॅपटॉपचा एक कोपरा असाच दबलाय. कप्पा बुडापासून दोनतीन सेंटीमीटर वर संपला पाहिजे. आणि १५.६ इंच हे स्क्रीनच्या तिरक्या रेषेचं माप असतं, लॅपटॉपचं नाही, म्हणून लॅपटॉपची लांबी रुंदी जाडी टेपने मोजून फोनमध्ये लिहून ठेवली होती.

कापडाच्या बाबतीत मी बराच काळ डेनिअरच्या आकड्यालाच मजबुती समजत होते. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, बस एवढंच. त्यातून जाडी कळते. धागा नायलॉन की पॉलिएस्टर, वीण किती घट्ट, याने जास्त फरक पडतो, आणि घासलं जाण्यात नायलॉन जास्त टिकतं. मी ५०० च्या आसपासचं नायलॉन घेतलं. चेनचं म्हणाल तर मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० नंबरची बघा, नंबर म्हणजे बंद चेनच्या दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी साधारण. ५ नंबर छोट्या खिशांना ठीक आहे.

पावसासाठी मी वॉटरप्रूफच्या मागे लागले नाही. कापड पाणी अडवतं पण सुईच्या भोकांतून शिवणीत येतंच, आतून टेप लावलेली नसेल तर. वरून घालायचं कव्हरही पाठीकडून उघडंच असतं. लॅपटॉपला वेगळं पाणी न शिरणारं पाऊच घेतलं.

शेवटी दोन बॅगा उरल्या. दोन्ही भरून दुकानाचा जिना चढले उतरले. एकीचे बंद माझ्या खांद्यांना फार लांब अंतरावर होते, सारखे बाहेर सरकायचे. दुसरीचे आतल्या बाजूला वळलेले, छातीवरचा पट्टाही आहे, आणि बंदाच्या टोकाला आडवे दाट टाके, बारटॅक म्हणतात ते, दिव्याखाली धरून दोन्हीकडचे बघितले. तीच घेतली, ९०० ग्रॅमची.

सात महिने झाले. पहिल्याच आठवड्यात बंद चार बोटं आवळले तेव्हा पाठीचा खालचा भाग दुखायचा थांबला, इतकी वर्षं मी बॅग कमरेखाली लोंबत ठेवून चालत होते. बाटली आता आत, लॅपटॉपला चिकटून उभी ठेवते, एका बाजूला ओढत नाही. एकच कमी आहे, किल्ल्यांना वेगळा खिसा नाही. आणि जुनीचा बंद शिवून घेतलाय, दुहेरी टाका घालून, ती भाची क्लासला नेते.