तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेज बास्केटबॉलचा सगळ्यात मोठा कोच कोण?

मार्च लागला, कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, की हा प्रश्न येतोच. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी गाठतं, "ताई, तुम्ही नागपूरला बास्केटबॉल खेळायचात ना? मग सांगा, या कोच लोकांत सगळ्यात भारी कोण?" आम्ही राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात. एका बाजूला डरम, तिथे ड्यूक विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला चॅपल हिल, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. मंडळातली निम्मी मुलं ड्यूकच्या गडद निळ्या टीशर्टात असतात, निम्मी कॅरोलायनाच्या आकाशी. विचारणाऱ्याला बहुधा दोनच नावांपैकी एक ऐकायचं असतं. माझं उत्तर तिसरंच आहे, आणि ते रांगेत उभ्या उभ्या सांगता येत नाही.

सर्वसाधारण रिवाज विजेतेपदं मोजायचा. तसं मोजलं तर पुरुषांत वाद उरतच नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं जिंकली, त्यातली सात लागोपाठ. पण तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेला पंचवीसच्या आसपास संघ असत आणि वुडन यांच्या शेवटच्या वर्षाच्या आधीपर्यंत एका कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटातून, एकच संघ येई. चार सामने जिंकले की चषक हातात. १९८५ पासून मुख्य फेरीत चौसष्ट संघ, म्हणजे एकही न हरता सहा सामने जिंकायचे. ड्यूकच्या माइक शशेव्स्कींनी, म्हणजे इथे सगळे ज्यांना 'कोच के' म्हणतात त्यांनी, पाच विजेतेपदं अशी सहा-सहा सामने जिंकून मिळवली. मग दहा मोठे की पाच? शिवाय वुडन यांच्याकडचा चांगला खेळाडू तीन वर्षं संघात खेळे. आता एका वर्षात एनबीएला, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, निघून जातो. नुसत्या आकड्यांनी हा हिशेब लागत नाही.

वुडन यांना लोक नावं ठेवतात की त्यांच्याकडे करीम अब्दुल-जब्बार होता, बिल वॉल्टन होता, असे उंच, नामांकित खेळाडू असले तर कोण जिंकणार नाही? मला हे पटत नाही. वुडन यूसीएलएत आले १९४८ मध्ये. पहिली पंधरा वर्षं विजेतेपदाविना गेली. पहिलं विजेतेपद मिळवणाऱ्या १९६४ च्या संघातल्या पहिल्या पाचांत साडेसहा फूट उंचीचा एकही खेळाडू नव्हता. त्या संघानं प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या कोर्टात दाबून धरत तीसपैकी तीस सामने जिंकले. करीम आला नंतर. हाच माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचा. सुरकुती राहिली तर फोड येतो, आणि फोड आला की सराव बुडतो. मला त्या दहा चषकांइतकंच हे मोज्यांचं शिकवणं महत्त्वाचं वाटतं.

कोच के यांच्याकडे बघताना मी त्यांची पाच विजेतेपदं बाजूला ठेवते आणि सुरुवातीची तीन वर्षं बघते. तीन हंगामांत ३८ विजय, ४७ पराभव. १९८३ मध्ये व्हर्जिनियाकडून १०९–६६ असे हरले. त्यांना काढा म्हणून विद्यापीठाला पैसे देणारे मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी काढलं नाही, उलट करार वाढवला. त्या हंगामात सतरा सामने हरलेली पहिल्या वर्षाची पोरं चौथ्या वर्षी, १९८६ मध्ये, सदतीस सामने जिंकून अंतिम फेरीत पोचली. मुलं तीच, कोच तोच. पोरांना घडवणं काय असतं, ते या दोन हंगामांत दिसतं. आज असा धीर कुठलं विद्यापीठ धरेल, मला शंका आहे.

आता चॅपल हिलचे डीन स्मिथ. इथे माझा जीव जास्त गुंततो, आणि त्याला कारण आहे. शाळेत असताना मी संघातली आठवी मुलगी होते. आमचे सर पाच जणींकडे बघायचे. बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या धरायच्या. दोन वर्षांत एकदाही त्यांनी माझा शॉट कुठे चुकतो ते सांगितलं नाही. त्यामुळे कुठल्याही कोचचा संघ बघताना माझी नजर आपोआप बेंचकडे जाते. स्मिथ यांनी राखीव पाच जणांचा वेगळा 'ब्लू टीम' केला होता. ते पाचही एकदम मैदानात उतरत, दीड-दोन मिनिटं जिवाच्या आकांतानं खेळत आणि मुख्य खेळाडूंना दम घ्यायला वेळ मिळे. खेळाडू थकला तर त्यानं मूठ वर करायची, स्मिथ त्याला बाहेर घेणार. पण तसा बाहेर आलेला खेळाडू परत कधी जायचं ते स्वतः ठरवणार. बास्केट झाली की ज्यानं पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही पद्धतही त्यांनीच रुजवली. ८७९ विजय, दोन विजेतेपदं. २०१५ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या सुमारे १८० जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं: प्रत्येकाला दोनशे डॉलर, बाहेर जाऊन छान जेवा. त्यात मायकल जॉर्डनही होता आणि फारसं कुणाला नाव माहीत नसलेली मुलंही होती. रक्कम सगळ्यांना सारखीच.

इंडियानाच्या बॉब नाइट यांना मी या ओळीत बसवत नाही. १९७६ चा त्यांचा संघ एकही सामना हरला नाही आणि पुरुषांत तसा विजेता त्यानंतर झालेला नाही, हे खरं. पण त्यांच्या वागण्यापायी २००० मध्ये विद्यापीठाला त्यांना काढावं लागलं. पोरांना भीतीखाली ठेवून मिळवलेल्या विजयाला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही.

आणि हो, बायकांचं बास्केटबॉल वगळून ही तुलना करणाऱ्यांशी मी बोलतच नाही. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट १९७४ मध्ये बावीस वर्षांच्या असताना मुख्य कोच झाल्या. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवत, गणवेशही त्याच धूत. बायकांसाठी एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेची, स्पर्धाच नव्हती, ती १९८२ मध्ये सुरू झाली. निवृत्त होईपर्यंत १,०९८ विजय, आठ विजेतेपदं, आणि पूर्ण मुदत खेळलेली त्यांची प्रत्येक मुलगी पदवीधर. कनेटिकटच्या जीनो ऑरिएमांनी पुढे बारा विजेतेपदं मिळवली, लागोपाठ १११ सामने जिंकले. पण ज्या वाटेवरून ते धावले ती समिटसारख्या बायकांनी आधी खणून काढली होती.

तरीही माझं उत्तर समिट नाही, स्मिथही नाही. माझं उत्तर जॉन मॅक्लेंडन.

मॅक्लेंडन १९३३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात शिकायला गेले. बास्केटबॉल ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ तिथे शिकवत होते. (कोच म्हणून नेस्मिथ यांचे तिथले आकडे ५५ विजय, ६० पराभव, कॅन्ससच्या कोचेसमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच.) विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून मॅक्लेंडन यांना तिथे एकही सामना खेळता आला नाही. त्यांनी नेस्मिथ यांच्याकडून खेळ समजून घेतला, आणि १९४० मध्ये डरमच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे कोच झाले. आज त्याचं नाव नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी. ड्यूकपासून गाडीनं काही मिनिटांवर. त्या काळात संघ चेंडू सावकाश फिरवत आणि उभ्यानं शॉट मारत. मॅक्लेंडन यांची मुलं चेंडू मिळताच पळत सुटत आणि पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जात. आज टीव्हीवर जो वेगवान खेळ दिसतो, त्याचं बरंचसं श्रेय या माणसाचं आहे. पण त्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं दारच बंद होतं. मग चषक मोजून त्यांची तुलना वुडनशी कशी करणार? पुढे टेनेसीतल्या दुसऱ्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला घेऊन त्यांनी एनएआयए या वेगळ्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा १९५७, ५८, ५९ अशी लागोपाठ तीनदा जिंकली. तरी मला सगळ्यात मोठा वाटतो तो त्यांचा एक वेगळाच सामना.

१२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये. ड्यूकच्या वैद्यकीय शाखेत युद्धकाळात आलेल्या, आधी कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या गोऱ्या मुलांचा एक भक्कम संघ होता. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळणं तेव्हा कायद्यानं गुन्हा. ती मुलं आडवळणानं, डोक्यावरून जाकिटं ओढून मॅक्लेंडन यांच्या जिममध्ये आली. दारांना आतून कुलूप. प्रेक्षक नाहीत. सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरत होते, सोपे शॉट चुकत होते. मग मॅक्लेंडन यांची मुलं पळायला लागली. निकाल ८८–४४.

त्यानंतर कुणी घरी गेलं नाही. दोन्ही संघ मिसळले, निम्म्यांनी शर्ट काढले, आणि गोरी-काळी मुलं एकाच बाजूनं खेळत दुसरा सामना झाला. मग सगळे वसतिगृहात जाऊन गप्पा मारत बसले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक शब्दही नव्हता; ही हकीकत जगाला कळली १९९६ मध्ये. मॅक्लेंडन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.