निळे छाप, खेप सातवी: आजीचा चष्मा

मागच्या खेपेला आजीच्या क्रोशाच्या रुमालाचे सहा सायनोटाइप काढले होते. म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून उन्हात काढलेले छाप: ऊन लागतं तिथं निळं, झाकलेलं तिथं पांढरं. त्यातले चार बोअरिंगच्या पाण्यात धुतले आणि निळा डोळ्यांदेखत विटला. क्षारानं हा रंग मरतो हे वाचलेलं होतं, पण घरच्या नळावर आपला जरा जास्तच विश्वास. या वेळी बादलीत टोपणभर व्हिनेगर घातलं, निभावलं.

रसायनांचं प्रमाण तेच: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट 100 मिलीत 25 ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड 100 मिलीत 10 ग्रॅम, ऐन वेळी निम्मंनिम्म. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची 1842 ची कृती, अजून तशीच चालते.

आता चष्मा. माझा हिशोब असा होता की फ्रेम पांढरी उमटेल आणि काचा निळ्या, कारण त्या आरपार दिसतात. झालं उलटंच. त्या काचा म्हणजे प्लास्टिक, आणि ज्यांनी छाप उमटतो ते उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकनं अडवले. कागदावर दोन पांढुरके डाग आले, कडेला तेवढी निळसर झाक. आजीनं मोतीबिंदूचं ऑपरेशन शेवटपर्यंत टाळलं होतं. मी तो कागद बराच वेळ ओला तसाच हातात धरून बसलो.

जानेवारीचं तिरपं ऊन, त्यात 22 मिनिटं लागली. काड्यांच्या सावल्या लांबून पुसट झाल्या. फक्त डाव्या काडीला तिनं बांधलेला दोरा कागदाला टेकलेला होता, तो गाठीसकट स्पष्ट आलाय. आईनं छाप हातात घेतला तो तिथंच बोट ठेवून.

पूर्वी मी इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, स्केचिंगला जायचो. त्यांच्या आठवणीला दगडाची छत्री; आमच्याकडे आजीच्या आठवणीला गच्चीवरचं ऊन, तेही सकाळी दहानंतर.

एक प्रयोग मुद्दाम केला. रुमालाचा वाचलेला एक छाप महिनाभर खिडकीत लावला, चांगलाच फिका पडला. मग तिच्या लुगड्याच्या घडीत घालून कपाटात ठेवला. चार दिवसांनी बघतो तर निळा बराचसा परत. अंधारात हवा लागली की लोह पुन्हा मूळ रूपात येतं, एवढंच आहे ते. तरी मी तो अजून घडीतून काढलेला नाही.

पुढच्या खेपेला तिच्या हातची लोणच्याची कृती. मूळ कागदाला आई हात लावू देत नाही, म्हणून झेरॉक्सला मागून तेल चोळून पारदर्शक करणार. अक्षरं पांढरी, भोवती निळं. शेंगदाण्याचं तेल चालतं का, कुणी करून पाहिलंय?