गणिताच्या नोट्सच्या फाइली: डीव्हीआय, पीएस, डेजाव्हू आणि बाकी मंडळी

कोर्सच्या नोट्स डाउनलोड केल्या आणि फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफऐवजी डीव्हीआय किंवा पीएस दिसलं की बरेच जण पहिला सापडेल तो ऑनलाइन कन्व्हर्टर उघडतात, फाइल त्यात टाकतात आणि जे बाहेर पडेल ते प्रिंट करून मोकळे होतात. मला हे खरंच बघवत नाही. कारण त्यात एखादं वजाचं चिन्ह गायब झालेलं असतं, आणि गणितात एक चिन्ह गेलं म्हणजे अख्खी सिद्धता गेली, वाचणारा बिचारा तासभर स्वतःचंच डोकं धरून बसतो की मलाच कळत नाहीये.

म्हणून आधी फाइलच्या आत काय असतं ते बघू. गणिताचं बहुतेक लिखाण टेक किंवा त्यावरच बांधलेल्या लाटेकमध्ये होतं, म्हणजे समीकरणं साध्या मजकुरात आज्ञा लिहून छापण्याजोगी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. टेक डोनाल्ड नूथ यांचं, आणि त्यातून जे पूर्वी बाहेर यायचं ते डीव्हीआय, हा फॉरमॅट डेव्हिड फुक्स यांनी १९७९ मध्ये ठरवला. या फाइलीत फक्त एवढंच लिहिलेलं असतं की अमुक फॉन्टातलं अमुक अक्षर पानावर अमुक जागी ठेवा. फॉन्ट स्वतः आत नसतो! चित्रही नसतं, फक्त चित्राच्या फाइलीचं नाव असतं. त्यामुळे फाइल इवलीशी असते, पण दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर चिन्हांची वाट लागते. फॉन्टचा प्रश्न सुटतो, टेक लाइव्ह (टेक आणि त्याचे फॉन्ट एकत्र देणारा संच) पूर्ण इन्स्टॉल करा आणि ऑक्युलर किंवा एव्हिन्स अशा फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, झालं. आकृत्यांचं मात्र तसं नाही. सरांनी नुसती डीव्हीआय टाकली असेल आणि सोबत ईपीएस फाइली, म्हणजे आकृत्यांच्या वेगळ्या फाइली, नसतील तर जगातला कुठलाही कन्व्हर्टर ती आकृती आणून देणार नाही, सरळ मेल करून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पीएस म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, हे जरा बरं, कारण यात फॉन्ट आणि आकृत्या सहसा आतच असतात. नावाच्या शेवटी जीझेड असेल, म्हणजे फाइल दाबून लहान केलेली असेल, तर आधी अनझिप करा. विंडोजवर किंवा लिनक्सवर घोस्टस्क्रिप्ट (पोस्टस्क्रिप्ट वाचणारा प्रोग्रॅम) टाकलं की त्याच्यासोबत पीएस-टू-पीडीएफ नावाची कमांड येते, एका ओळीत काम होतं. मॅकवाल्यांनी लक्षात ठेवा, मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून प्रिव्ह्यूमध्ये पीएस उघडणं बंद झालंय, तुम्हालाही घोस्टस्क्रिप्टच लागेल.

आता खरी गंमत इथे आहे. कन्व्हर्ट केलेली पीडीएफ स्क्रीनवर धूसर दिसते, अक्षरं खरबरीत, झूम केलं की आणखी वाईट, आणि लोक म्हणतात कन्व्हर्टरच बेकार आहे. तसं नसतं. जुन्या पीएसमध्ये फॉन्ट ठिपक्यांचे, म्हणजे बिटमॅप असतात, ते प्रिंटरच्या ३०० किंवा ६०० डीपीआयसाठी (इंचाला तितके ठिपके) बनवलेले, म्हणून कागदावर छान येतात आणि स्क्रीनवर फसतात. त्या पीडीएफवर पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवा, टाइप ३ असं दिसलं की समजा हेच कारण. अशा फाइलीत बऱ्याचदा शब्द शोधताही येत नाही. उपाय एकच, एक पायरी मागे जा: डीव्हीआय मिळाली तर डीव्हीआयपीडीएफएमएक्सने थेट पीडीएफ करा, टेक फाइल मिळाली तर पीडीएफलाटेकने, मग टाइप १, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी आखलेले फॉन्ट येतात आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ.

डेजाव्हूचं (.djvu) वेगळं आहे, ती बहुतेक वेळा जुन्या पुस्तकांची स्कॅन असते. एटी अँड टी लॅब्जमध्ये १९९० च्या दशकात हा फॉरमॅट तयार झाला, अक्षरं आणि मागचा कागद वेगवेगळे करून दाबतो म्हणून शेकडो पानं थोड्याशा जागेत मावतात. याची पीडीएफ करू नका असंच मी सांगेन, फाइल फुगते आणि डीडेजाव्हू कमांडने केली तर शोधण्यासाठी आत दडवलेला मजकूरही जातो. सुमात्रा पीडीएफ किंवा ऑक्युलरमध्ये आहे तशी वाचा.

पीडीएफवरून वर्ड करायचा खटाटोप तर नकोच, घातांक खाली उतरतात, अपूर्णांकाचे दोन तुकडे होतात. वर्डच हवं असेल तर टेक फाइलवरून पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने करा, समीकरणं वर्डमध्ये एडिट करता येतील अशी येतात. साधे स्वतःचे मॅक्रोही (लेखकाने बनवलेल्या छोट्या आज्ञा) तो समजून घेतो, टिक्झमधल्या, म्हणजे टेकमध्येच आज्ञा लिहून काढलेल्या आकृत्या मात्र हाताने बघाव्या लागतात.

शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती, पीडीएफच्या शेजारी टेक फाइलही ठेवा. ज्यांना दिसत नाही असे विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात, आणि साध्या पीडीएफमधलं समीकरण त्यांना नीट वाचून दाखवलं जात नाही, नुसती अक्षरांची खिचडी कानावर येते. टेक असेल तर लाटेकएमएल या टूलने मॅथएमएल (वेबपानात समीकरणं लिहायची पद्धत) असलेलं एचटीएमएल बनतं, क्रोम २०२३ पासून ते थेट दाखवतो, आणि अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साइटनेही त्याच वर्षाच्या शेवटी नव्या पेपरांची एचटीएमएल आवृत्ती द्यायला सुरुवात केली तीही याच टूलने. तुमची फाइल जुनी असेल, लाटेकचं कुठलं तरी पॅकेज, म्हणजे जोडलेली पुरवणी, अडत असेल, तरी टाका, अडलेलं पॅकेज काढून कंपाइल करून देणारा एखादा विद्यार्थी वर्गात सापडतोच.