एनसीसी, डिग्री आणि लेफ्टनंटचे स्टार

आज कॉलेजच्या मैदानावर एनसीसीची निवड चालू होती. रांगेत एसवायची (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची) बरीच मुलं दिसली, आणि तिथेच गणित चुकतं. बीए, बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांचं. एनसीसीचं ‘बी’ प्रमाणपत्र दोन वर्षांनी, ‘सी’ तिसऱ्या वर्षी. एसवायला शिरलात तर डिग्री संपेपर्यंत ‘बी’वरच थांबता. एफवायला पहिल्याच महिन्यात सूचनाफलक बघा.

‘सी’ कशाला? सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे एनसीसीवाल्यांसाठीच्या अधिकारी भरतीला, लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होऊन थेट पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. अट: अविवाहित, वय 19 ते 25, पदवीला 50 टक्के, ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ ग्रेड. ‘सी’ ग्रेड मिळाली की हा दरवाजा बंद. प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त असणारे इथेच अडकतात. शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात, पण आधीच्या वर्षांतही 50 टक्के हवेतच.

परेडची हजेरी 75 टक्के. दहा दिवसांचं शिबिर नेमकं इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात येतं. विभागप्रमुखांना लेखी अर्ज आधी द्या, परतल्यावर नव्हे. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मतारीख एनसीसीच्या फॉर्मवर जशीच्या तशी लिहा. वडिलांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. (हो, यावरूनही अर्ज अडतात.)

निवड झाली तर चेन्नईच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) 49 आठवडे प्रशिक्षण. सोबत मद्रास विद्यापीठाचा पदव्युत्तर डिप्लोमाही मिळतो. सेवा दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात.